जीर्ण झालं हे कोण ठरवणार?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकावर. जीर्ण वस्त्रांचा तो प्रसिद्ध दृष्टांत. श्लोक आत्म्याबद्दल आहे, खरेदीबद्दल नाही, हे मान्य. पण सध्या आमच्या घरात नवा लॅपटॉप कोणता घ्यायचा ही चर्चा चालू आहे, त्यामुळे मी त्यातल्या एकाच शब्दापाशी थांबलो: जीर्ण. भगवंतांनी फॅशन गेलेले कपडे म्हटलं नाही, कंटाळा आलेले म्हटलं नाही. मग एखादी वस्तू जीर्ण झाली, हे ठरवायचं कोणी?

घरचा लॅपटॉप २०१७ चा. बॅटरी तासभरही टिकत नाही, हार्ड डिस्क रडत रडत चालू होते. पण इंजिनिअर म्हणून सांगतो, हे म्हातारपण नाही, हे दुखणं आहे. बॅटरी बदलता येते, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली की जुनं मशीन टुणकन उठून बसतं. खर्च नव्या लॅपटॉपच्या तुलनेत किरकोळ. फाटलेल्या बाहीला टाका घालायचा की सदराच टाकायचा, एवढाच प्रश्न.

दुसरं जीर्णपण वेगळं आहे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वैयक्तिक वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ दिली गेली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचे प्रोसेसर बहुतांशी आठव्या पिढीपासून पुढचेच चालतात. आमचा सातव्या पिढीचा. या मशीनवर बाबा पेन्शनचं खातं बघतात, नेटबँकिंग करतात. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या मशीनवर त्यांची आयुष्यभराची पुंजी उघडायची, हे मला पटत नाही. इथे बदलणं ही हौस नाही, कर्तव्य आहे.

आणि तिसरं जीर्णपण मनाचं. कोणता घ्यावा म्हणून दोन रिव्ह्यू बघितले की बजेट आपोआप वर सरकतं. साठ हजारांचा बघता बघता सव्वा लाखाचा 'फ्यूचर-प्रूफ' वाटायला लागतो. याच अध्यायात बासष्टाव्या श्लोकापासून ही शिडी सांगितली आहे: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम. रात्री बारा वाजता दोन मॉडेल्सचे स्पेक्स शेजारी ठेवून बघणं म्हणजे विषयाचं चिंतनच की! गंमत अशी की मन इच्छेला कधी इच्छा म्हणत नाही. गरज म्हणतं, गुंतवणूक म्हणतं.

मग काय, साधकाने काही घेऊच नये? इथे मला उलटा धोकाही दिसतो. 'मी नऊ वर्षं एकच लॅपटॉप वापरतोय' हाही अहंकारच, फक्त खादीतला. अठराव्या अध्यायात त्यागाचेही तीन प्रकार सांगितले आहेत. कष्ट नकोत म्हणून टाकलेलं कर्म राजस त्यागात जातं. पैसे सुटत नाहीत म्हणून बाबांना धोक्यात ठेवणं आणि त्याला अपरिग्रह म्हणणं, हे त्याच जातीचं. सावता माळ्यांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडलं नाही. खंडेनवमीला आपण लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो, ते त्याच्या किमतीला नव्हे. ते त्यातून होणाऱ्या कामाला.

म्हणून मी एक साधी चाळणी लावली. प्रत्येक फीचरसमोर विचारलं, 'हे नसेल तर घरातल्या कोणाचं कोणतं काम अडेल?' १६ जीबी रॅम चाळणीतून खाली आली, कारण रात्री मी त्यावर कोड शिकतो. पुढे रॅम वाढवता येईल असा स्लॉटही आला, म्हणजे पुन्हा लवकर बदलायला नको. ग्राफिक्स कार्ड, चकचकीत मेटल बॉडी आणि कॅफेत लोगो दिसण्याचं सुख वरच राहिलं. उरला तो मधल्या किमतीचा, दिसायला अगदी साधा लॅपटॉप. तोच घेतोय.

पण कपडा बदलला की जुन्याचं काय, हे आपण विचारत नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर गोळा करून रिसायकल झाल्याची नोंद आहे. शिवाय लॅपटॉपच्या एकूण कार्बनचा मोठा भाग तो वापरताना नाही, तयार होतानाच हवेत जातो. म्हणजे चालणारं मशीन कपाटात कुजवणं हाही परिग्रहच. तिसऱ्या अध्यायात, मिळालेलं पुढे न देता एकट्याने भोगणाऱ्याला भगवंत सरळ चोर म्हणतात! आमच्या जुन्याला एसएसडी आणि नवी बॅटरी बसवतोय, लिनक्स टाकतोय. त्याला सुरक्षेचे अपडेट नियमित मिळतात. मामेबहीण सांगलीला डिप्लोमा करते, मोबाईलवर सी प्रोग्रॅमिंग शिकते. तिला तो जाईल. माझ्यासाठी जीर्ण झालेलं तिच्यासाठी नवं वस्त्र असेल.

मला वाटतं, उत्तर इथेच कुठेतरी आहे. वस्तू जीर्ण झाली की नाही, हे माझ्या एकट्याच्या कंटाळ्याने ठरत नाही. तिच्यातून अजून कोणाची तरी सेवा होऊ शकते का, यावर ठरतं.

आजचा अभ्यास: कपाटातली एक बंद पडून असलेली वस्तू बाहेर काढा. ती जीर्ण आहे, आजारी आहे, की फक्त तुम्हाला नकोशी झाली आहे? स्वतःलाच विचारा.

राम कृष्ण हरी.