रोग लपविण्याची लाज

नरदेह हे परमार्थाचे साधन, असे आपण नित्य ऐकतो. मग ते साधन बिघडले, तर सांगायला लाज का वाटावी?

सन १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. पुढे घरोघर झडत्या सुरू झाल्या आणि लोक आजारी माणूस लपवू लागले. त्यांना सगळा दोष देववत नाही. रोग्याला उचलून नेत, सामान जाळीत, आणि इस्पितळात गेलेला परतेल याचा भरवसा नसे. जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग लोकांना दिली. त्यांच्या नावाची संस्था परळला आहे. माणूस परदेशचा, परधर्माचा. पण याला मी परमार्थच म्हणतो.

झडत्या गेल्या, लपविणे गेले नाही. आता क्षय लपवितात. गिरणगावात एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा गडी पाळीपाळीने निजत. एकाचा श्वास दुसऱ्याच्या उरात. खोकल्यावाटे जंतू हवेत उडतो, त्याला दाटी आणि बंद खिडकी फार मानवते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. दाटी कुठे गेली?

आमच्या भजनात एक टाळकरी होता. मागल्या ओळीत, अगदी कडेला उभा राही. मला वाटे, किती नम्र! खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तो तिथे उभा राही, हे मागाहून कळले. एकदा म्हटले, "अरे, डॉक्टरला दाखवून ये की." म्हणाला, "नको बुवा, चाळीत कळलं तर पोरीचं लग्न मोडंल. विठोबा बघंल." औषध घेऊ नको, असे विठोबाने कुणाला सांगितल्याचे मी तरी ऐकले नाही. पण त्या दिवशी हे बोललो नाही. कीर्तनात तासभर बोलणारा मी, तिथे गप्प बसलो. थुंकीतून रक्त पडले तेव्हा त्याला शिवडीच्या क्षय रुग्णालयात नेले. फार उशीर झाला होता.

दोन आठवड्यांवर खोकला टिकला की थुंकी तपासून घ्यावी. महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. साध्या क्षयाला निदान सहा महिने गोळ्या लागतात. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटते आणि माणूस गोळ्या सोडतो. तिथेच घात होतो. उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

टाळकऱ्याच्या मुलीलाही क्षय निघाला. तिने एकही गोळी चुकविली नाही, बरी झाली. पुढे स्थळ आले तेव्हा तिनेच पाहुण्यांना सगळे सांगून टाकले. लग्नाला मी होतो.