आईचे लुगडे आणि मेजवानीचे वस्त्र

सामान्य काळातील अठ्ठाविसावा रविवार (वर्ष अ)
पहिले वाचन: यशया २५:६-१०
दुसरे वाचन: फिलिप्पैकरांस पत्र ४:१२-१४, १९-२०
शुभवर्तमान: मत्तय २२:१-१४

प्रस्तावना


आज देऊळमाता सामान्य काळातील अठ्ठाविसावा रविवार साजरा करीत आहे. आजची उपासना आपणा सर्वांना लग्नाच्या मेजवानीला बोलावीत आहे. यशया संदेष्टा डोंगरावरच्या मेजवानीचे चित्र रंगवितो. तेथे परमेश्वर सर्व राष्ट्रांवर पसरलेले दुःखाचे आच्छादन काढून टाकतो आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतील अश्रू पुसतो. संत पौल सांगतो की, आपण कमी असताना आणि भरपूर असताना, दोन्ही वेळी समाधानाने राहायला शिकलो आहोत. शुभवर्तमानात राजाच्या मुलाचे लग्न आहे, वाटेवरून बोलावलेले पाहुणे आहेत, आणि लग्नाचे वस्त्र न घालता आलेला एक माणूस आहे.

आपल्याकडे दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होते. घरोघरी आतापासूनच कपडे, दागिने आणि खर्चाच्या गोष्टी चालू झाल्या आहेत. म्हणून आज त्या वस्त्राविषयी मनन करूया.

मनन चिंतन

मागच्या महिन्यात विवाहाची नोंद करायला एक मुलगी आपल्या आईवडिलांबरोबर माझ्याकडे आली. कागदपत्रे झाल्यावर तिने हळूच विचारले, "फादर, लग्नात पांढरा गाऊन घालावाच लागतो का? मला आजीची कोशाची साडी नेसायची आहे." आई लगेच म्हणाली, "लोक काय म्हणतील फादर? म्हणतील, यांच्याजवळ पैसा नव्हता." वडील काहीच बोलले नाहीत. नंतर समजले की, गाऊन आणि दागिन्यांसाठी त्यांनी कर्जाची चौकशी आधीच करून ठेवली होती.

मी तिला जे सांगितले, ते तुम्हालाही सांगतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यात वधूच्या पोशाखाविषयी एकही नियम नाही. विवाह होतो तो दोघांच्या मोकळ्या संमतीने. त्यासाठी धर्मगुरू अथवा अधिकार दिलेला सेवक आणि दोन साक्षीदार लागतात. सोने लागत नाही, गाऊनही लागत नाही.

पांढऱ्या गाऊनची प्रथाही फार जुनी नाही. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १० फेब्रुवारी १८४० रोजी आपल्या लग्नात पांढरा पोशाख घातला, आणि तेव्हापासून ही रीत जगभर पसरली. पण तिने तो पोशाख का निवडला? तिला आपल्या देशातल्या कारागिरांना काम द्यायचे होते. तिच्या पोशाखाची लेस डेव्हन परगण्यातील बीअर या गावच्या बायकांनी हाताने विणली होती. यंत्राच्या लेसमुळे त्यांचा धंदा बसत चालला होता. राणीने ती लेस पुढेही अनेक प्रसंगी वापरली. म्हणजे आपण ज्या गाऊनसाठी कर्ज काढतो, त्याची सुरुवात गावच्या विणकर बायकांच्या पोटापाण्याच्या विचारातून झाली आहे!

असे विणकर आपल्या जिल्ह्यातही आहेत. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचा कोसा आपणा सर्वांना ठाऊक आहे. हे रेशीम जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर तयार होते. ढिवर समाजातील कुटुंबे त्या अळ्यांना कावळ्यांपासून आणि मुंग्यांपासून दिवसरात्र जपतात. मग कोष उकळायचे, धागा काढायचा, ताणा लावायचा, आणि त्यानंतर मागावर विणायचे. आपल्या विदर्भाच्या करवत काठी साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तिचा काठ करवतीच्या दातांसारखा असतो. काठ सुताचा आणि अंग कोशाचे, असे दोन वेगळ्या जातींचे धागे असतात. विणकर तीन धोटे वापरून प्रत्येक ओळीला त्यांना एकमेकांत अडकवीत जातो. एक ओळ चुकली की तेथे फट पडते. विवाहसंस्काराचे याहून चांगले चित्र मला सापडलेले नाही. दोन वेगळे धागे, दोन वेगळी घराणी, आणि रोज एक ओळ.

हाताच्या कारागिरीला पवित्र शास्त्रातही मोठा मान आहे. निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव बसालेल नावाच्या माणसाला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? सोने, चांदी आणि पितळ घडविण्यासाठी! त्याच्या जोडीला अहलियाब आहे. तो विणकाम आणि भरतकाम करणारा. पितळेच्या भांड्यांसाठी नाव कमावलेल्या आपल्या भंडाऱ्यात तर हा अध्याय मोठ्याने वाचायला हवा. आज स्टील आणि प्लास्टिकमुळे तो धंदा थकला आहे. पण आजीच्या आंदणात आलेला पितळेचा गुंड अजून अनेक घरांत आहे, आणि त्यावर तिचे नाव कोरलेले आहे.

मात्र त्यापुढचा अध्याय वाचा. लोक आपल्या कानांतली सोन्याची कुंडले काढून देतात आणि त्यांचे वासरू ओतून त्याच्यापुढे नाचतात. आणखी तीन अध्याय पुढे जा. तेच लोक आपले दागिने आनंदाने घेऊन येतात, आणि ते परमेश्वराच्या निवासमंडपासाठी वापरले जातात. सोने तेच, माणसेही तीच. मग फरक कशात पडला? मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो तेव्हा ॲरिस्टॉटलचा एक साधा विचार मनात राहिला. वहाण पायात घालण्यासाठी असते, आणि ती देऊन दुसरी वस्तू घेताही येते. प्रत्येक वस्तूचे असे दोन उपयोग असतात. आजीची गरसोळी घालण्यासाठीही आहे आणि तराजूत टाकण्यासाठीही आहे. आपण तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, त्यावर तिचे वासरू होते की मंडप, हे ठरते.

आता मला तुमच्यापुढे माझी एक गोष्ट कबूल करायची आहे.

मी वसईचा. माझी आई लाल चौकडीचे लुगडे नेसायची. तिच्या लग्नाचे लुगडे तिने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. तिच्या दोन हातांत दोन पाटल्या होत्या. त्या गावच्या सोनाराने शेगडीवर फुंकणी फुंकत, हाताने घडविलेल्या होत्या. आई देवाघरी गेल्यानंतर महिन्याने आम्ही भावंडे वाटणीला बसलो. माझ्या दोन बहिणी, दोन पाटल्या. भांडण कशाला होईल, असे आम्हाला वाटले. पण सोनाराकडे वजन केले तेव्हा एक पाटली दुसरीपेक्षा सव्वा ग्रॅमने हलकी भरली. ज्या बहिणीच्या वाट्याला हलकी पाटली आली, तिने फरकाचे पैसे मागितले. दुसरीने नाही म्हटले. शब्दाला शब्द वाढला. त्या दिवसापासून आठ वर्षे झाली, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

ती हलकी पाटली आईच्या उजव्या हातातली होती. घडविली तेव्हा दोन्ही सारख्याच होत्या. चाळीस वर्षे त्या हाताने पाणी ओढले, भांडी घासली, वाटण वाटले, वाडीत माती उपसली. सव्वा ग्रॅम सोने आमच्या जेवणात गेले, आमच्या शाळेच्या डब्यात गेले. आम्ही ज्याला तूट म्हणून भांडलो, ते आईचे प्रेम होते, आणि तराजूने ते अगदी बरोबर दाखविले होते. हे मला त्याच वेळी सुचले होते. पण मी बोललो नाही. मी धर्मगुरू, मला घरच्या पैशाच्या गोष्टीत पडायचे नाही, असे म्हणून मी गप्प बसलो. त्याला मी वैराग्य समजत होतो. खरे तर ती भीती होती.

आणि लुगडे? ते कोणीच मागितले नाही. त्याला भाव नव्हता. मी ते पेटीसकट ठेवून दिले. दोन वर्षांनी पेटी उघडली तेव्हा घड्यांवर कसर लागली होती. पृथ्वीवर साठविलेल्या धनाविषयी प्रभू येशूने दिलेला इशारा मी व्यासपीठावरून कितीतरी वेळा समजावून सांगितला आहे. त्या दिवशी तो माझ्या हातात होता.

बंधू-भगिनींनो, आता शुभवर्तमानातील त्या पाहुण्याकडे पुन्हा पाहूया. पुष्कळांना हा दाखला अन्यायाचा वाटतो. राजाने लोकांना रस्त्यावरून बोलावले, चांगल्यांनाही आणि वाइटांनाही. मग रस्त्यावरच्या माणसाने भारी कपडे आणायचे कोठून? याचाच अर्थ असा की, प्रभू ज्या वस्त्राविषयी बोलत आहे ते दुकानात मिळणारे नाही. ते विकत घ्यावे लागले असते, तर सगळे गरीब पाहुणे बाहेर राहिले असते. बाहेर राहिला तो एकच. आणि राजाने विचारले तेव्हा त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

मग हे वस्त्र कोणते? संत ऑगस्टीन म्हणतात, ते प्रीतीचे वस्त्र आहे. इ. स. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेले संत ग्रेगरी महान यांनी हाच विचार विणकराच्या मागावरून समजावला. कापड वरच्या आणि खालच्या अशा दोन दांड्यांच्या मधे विणले जाते. त्याप्रमाणे प्रीतीचे वस्त्र देवावरील प्रीती आणि शेजाऱ्यावरील प्रीती या दोन आज्ञांच्या मधे विणले जाते. आंधळगावच्या कोणत्याही विणकराला विचारा. एक दांडा काढून टाकला तर ताणा ढिला पडतो आणि काहीच विणता येत नाही. मी रोज मिस्सा अर्पण करतो, पण बहिणींमध्ये समेट करायला जात नाही. म्हणजे मी एकाच दांड्यावर विणू पाहत आहे. सोने आमच्या घरात होते. मेजवानीचे वस्त्र मात्र आम्हा कोणाच्याच अंगावर नव्हते.

आपल्या धर्मग्रामात जवाहरनगरला नोकरीनिमित्त आलेली केरळची काही कुटुंबे आहेत. त्यांच्यातील सिरियन ख्रिस्ती लोकांची एक सुंदर प्रथा आहे. वर वधूला लग्नाची साडी देतो. त्या साडीतून सात धागे काढून पिळतात, आणि त्या धाग्यात मिन्नू, म्हणजे त्यांचे छोटेसे सोन्याचे मंगळसूत्र, ओवून वधूच्या गळ्यात बांधतात. सोने वस्त्राच्या धाग्यावर लटकलेले असते. धागा तुटला तर सोने कोठे पडेल, सांगता येत नाही.

आज आपल्यापुढे खरा प्रश्न आहे. २०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाख रुपयांच्या वर गेला. हातावर पोट असलेल्या बापाने मुलीच्या अंगावर पाच तोळे घालायचे म्हणजे शेत गहाण टाकायचे. ज्या मेजवानीनंतर घर पाच वर्षे रडते, ती यशयाने पाहिलेली मेजवानी नव्हे. म्हणून मी तुम्हाला तीन गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, लग्नाच्या कपड्यासाठी आणि दागिन्यांसाठी कर्ज काढू नका. वराकडच्यांनी सोन्याची अपेक्षा तोंडाने तर नाहीच, डोळ्यांनीही दाखवू नये. आजीची साडी असेल तर ती मानाने नेसा. नवी घ्यायचीच असेल तर जमेल तेवढी, आपल्या विणकराची घ्या.

दुसरी गोष्ट, या आठवड्यात घरातली पेटी उघडा. साडीला हवा द्या, घडी बदला. आणि मुलांना जवळ बसवून सांगा की ही कोणाची, हे डोरले कोणी घडविले, ही पाटली कोणत्या कामाने झिजली. यापो गावी तबीथा मरण पावली तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले कपडे संत पेत्राला दाखवू लागल्या. कपडे दाखवता दाखवता त्या तिची सेवाच सांगत होत्या. वस्तू अशीच पुढच्या पिढीकडे द्यायची असते.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे. वाटणीवरून ज्या भावाशी अथवा बहिणीशी आपण बोलत नाही, तिच्याकडे आपणहून जा. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा आहे. ज्याचा हक्क असेल त्याला तो द्या. पण झिजलेल्या सव्वा ग्रॅमचे काय करायचे, ते कायदा सांगत नाही. ते प्रीतीच सांगते.

त्या मुलीने शेवटी काय ठरविले, असे तुम्ही विचाराल. ती आजीची साडीच नेसणार आहे. आईची समजूत अजून पुरती पटलेली नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि माझ्यासाठीही करा. सर्व मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, मी गावी आईच्या कबरीवर जाणार आहे. दोन्ही बहिणींना मी फोन करून बोलावले आहे. एक येते म्हणाली. दुसरी फक्त 'बघू' म्हणाली. आठ वर्षांनी 'बघू' हाही एक धागा आहे. प्रभू तो तुटू न देवो. आमेन.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना

प्रतिसाद: हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

१. आपले परमगुरू, महागुरू, सर्व धर्मगुरू आणि व्रतस्थ यांनी देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रीतीचे वस्त्र सदैव परिधान करावे म्हणून आपण प्रार्थना करूया.

२. आपल्या जिल्ह्यातील विणकर, सोनार, पितळेचे कारागीर आणि कोसा पिकविणारी कुटुंबे यांच्या कष्टांना योग्य दाम मिळावा म्हणून आपण प्रार्थना करूया.

३. जी मुलेमुली या लग्नसराईत विवाहबद्ध होणार आहेत, त्यांनी दिखाव्यापेक्षा परस्परांवरील विश्वासाला महत्त्व द्यावे म्हणून आपण प्रार्थना करूया.

४. सोने, जमीन आणि वाटणी यांवरून जी भावंडे दुरावली आहेत, त्यांना क्षमा मागण्याचे आणि क्षमा करण्याचे धैर्य लाभावे म्हणून आपण प्रार्थना करूया.

५. आपल्या कुटुंबांतील ज्या माता, आज्या आणि पणज्या आपल्यासाठी झिजल्या आणि देवाघरी गेल्या, त्यांना स्वर्गीय मेजवानीत स्थान मिळावे म्हणून आपण प्रार्थना करूया.

६. आता थोडा वेळ शांत राहून आपण आपल्या वैयक्तिक गरजांसाठी प्रार्थना करूया.