अकरा-अ आणि आपला ग्रुप



या वेळी आधी आमची चूक सांगतो. १२ जून २०२५ ला दुपारी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान मेघाणीनगरात मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. त्याच रात्री आपल्या पलसाण्याच्या ग्रुपवर मेसेज आला की अकरा-अ सीटवरचा जो एकटा प्रवासी वाचला, त्याच्या खिशात आपल्या माऊलींचा फोटो होता. आम्ही तो लगेच पाच ग्रुपांना पुढे पाठवला. नंतर विचारत गेलो, तर पाठवणाऱ्याला दुसऱ्याने पाठवलेला, त्याला तिसऱ्याने. मूळ कुठेच सापडेना.

एक सेवेकरी भाऊ म्हणाले, "खोटं निघालं तरी बिघडलं कुठे? लोकांनी नाम तर घेतलं ना?"

या प्रश्नाने आम्हाला बरेच दिवस छळलं. विमानात २४२ जण होते. २४१ गेले, जमिनीवरचे १९ गेले. वाचलेल्या माणसाचा सख्खा भाऊ त्याच विमानात होता, तोही गेला. फोटोमुळे एक वाचला म्हटलं, की उरलेल्या २६० जणांबद्दल आपण न बोलताही काहीतरी बोलून जातो. मेसमध्ये जेवायला बसलेल्या पोराचं काय चुकलं होतं?

वाचलेल्याने स्वतः सांगितलं ते साधं आहे. आपली बाजू जमिनीजवळ पडली, दार तुटलं, आपण बाहेर पडलो. कसे वाचलो ते त्यालाही कळलेलं नाही. त्या दुपारी तर कोणीच वाचलं नसावं असं आधी सांगितलं गेलं, आणि हा माणूस पायी चालत अँब्युलन्सकडे आला होता! मृतांचा आकडाही आधी २७० च्या वर गेलेला. डीएनए जुळवून तो २६० वर यायला दोन आठवडे लागले. तोवर नातेवाईक रक्ताचे नमुने देऊन थांबून होते. ते थांबले. आपल्याला एक रात्र थांबवलं नाही.

नंतर १२ जुलै २०२५ ला प्राथमिक अहवाल आला आणि ग्रुपवर दुसरी लाट सुरू झाली. अहवाल म्हणतो, उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंदकडे गेले, साधारण दहा सेकंदांनी परत चालूकडे आले. एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो, तू का बंद केलंस? दुसरा म्हणतो, मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं, तेही अहवालात नाही. स्विच कसे हलले, याचा निकाल त्यात दिलेला नाही. पण आपल्यातल्या काहींनी रात्रीतून निकाल लावला, मनाचे रोग ठरवले, त्यांच्या घरापर्यंत गेले. दोघेही उत्तर द्यायला नाहीत. अशा तपासाचा उद्देशच मुळी दोष वाटण्याचा नसतो, पुन्हा असं होऊ नये एवढाच असतो.

हे वाचून ग्रुपातल्या एका वहिनींनी आम्हाला फोन केला. त्यांचे मालक इथल्याच एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. बॉयलर फुटला त्या संध्याकाळीच गल्लीत बोललं गेलं, ऑपरेटर झोपला होता. प्रेत गावी, नंदुरबारकडे, पोचायच्या आधी ती गोष्ट पोचली. सात महिन्यांनी कळलं की सेफ्टी व्हॉल्व्ह जाम होता, आणि त्यांनीच दोनदा तक्रार केली होती. तोवर मुलाने शाळेत ते ऐकून घेतलं होतं. आम्हीही तेव्हा अंत्यविधीला जाऊन आलो होतो आणि घरी येऊन हेच म्हटलं होतं, "झोपला असेल." कर्माचा भोग, असंही म्हटलं. कर्माचा सिद्धांत आपण स्वतःला तपासायला घेतला होता; दुसऱ्याच्या चितेवर तो कधी वापरायला लागलो, कळलंच नाही.

श्रद्धा सोडा असं आम्ही म्हणत नाही. कोणी वाचलं तर हात आपोआप जोडले जातात, जोडावेत. पण "माऊलींचा फोटो होता" हे श्रद्धेचं वाक्य नाही, ती माहिती आहे. खिसा कोणी पाहिला, एवढं विचारायला हवं होतं. सद्गुरूंच्या नावावर खोटी साक्ष आम्ही दिली, आणि सेवा केली असं समजून झोपलो.

रविवारी वहिनींकडे गेलो. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तो फोटोचा मेसेज सगळीकडून काढला का?"

पाचही ग्रुपांवर खुलासा टाकला होता. तिथून पुढे तो कुठे कुठे गेला, ते आम्हाला सांगता येईना.