शाळा अर्ध्यावर सोडताना

गोरेगावहून आरे कॉलनीत शिरलेला रस्ता झाडीतून चढत-उतरत पवईला निघतो, आणि पवईत आयआयटी आहे. १९४९ साली इथे दूध वसाहत उभी राहिली, त्याच्या आधीपासून वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं या जंगलात राहत आली आहेत. त्यांचे २७ पाडे आजही आरेत आहेत असं सांगतात. या पाड्यांतला एखादा मुलगा आठवी-नववीत शाळा सोडतो तेव्हा सरकारी कागदावर त्याची नोंद ‘गळती’ अशी होते. याच मुंबईत दादरच्या शाळेतल्या एका मुलीने सातवीत शाळा सोडली आणि पुढे तिचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं.

ती मालविका राज जोशी. आईने तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकू दिलं. मालविका प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं. २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटीने तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला. दहावीचं प्रमाणपत्र नाही, बारावीचं नाही. पवईची आयआयटी मात्र तिला घेऊ शकत नव्हती, कारण तिथे बारावी उत्तीर्ण असण्याची अट आहे. भारतात तिला जवळ केलं ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने, आणि तेही थेट एम.एस्सी.च्या पातळीवर.

ही हकिकत ऐकली की लोक चटकन म्हणतात, ‘बघा, शाळेवाचून काही अडत नाही.’ मला हे पटत नाही. मालविकाचं अडलं नाही, कारण शाळेच्या जागी तिच्यापाशी दुसरं बरंच काही होतं. पूर्ण वेळ तिच्यासाठी देणारी आई होती, घरात संगणक होता, ऑलिंपियाडच्या शिबिरांत तिला घडवणारे गणिती होते. एमआयटीने शाळा नसण्याचं कौतुक केलं नाही, पदकांवर विश्वास ठेवला. तिची लायकी सांगायला दुसरा साक्षीदार हजर होता.

पाड्यातल्या मुलाचा साक्षीदार शाळा हीच. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याची जन्मतारीख असते, जन्मस्थळ असतं, जात असते. पुढे जातीच्या प्रमाणपत्रासाठी, त्याच्या पडताळणीसाठी, वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी हाच कागद पुढे करावा लागतो. ज्या कुटुंबाला आपण इथलेच आहोत हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं, त्याच्या लेखी शाळेचं एकेक वर्ष हा एकेक पुरावा आहे. शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीपर्यंतच. त्यापुढे आईबापांनी आणि मास्तरांनी धरून ठेवलं तरच मूल टिकतं. अशा मुलाला ‘शाळा सोडली तरी चालेल’ असं सांगणं मला क्रूर वाटतं.

पण म्हणून बारावीच्या अटीची बाजू घ्यावी, असंही मला वाटत नाही. मुंबईत ती अट केव्हाच पोकळ झाली आहे. विज्ञान शाखेची किती तरी मुलं ज्युनिअर कॉलेजात नावापुरती असतात आणि दिवसभर कोचिंग क्लासमध्ये बसतात. हजेरी कागदावर लागते, प्रात्यक्षिकं शेवटी उरकली जातात. ज्यांना क्लासची फी परवडते त्यांनी शाळा सोडलेलीच आहे. फक्त त्यांचं नाव पटावर शिल्लक आहे. अट जाचते ती खरोखर वेगळ्या वाटेने शिकलेल्या मुलीला. आयआयटी कानपूरने २०२५ पासून ऑलिंपियाडमधल्या कामगिरीवर काही जागा भरायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. बारावीची अट मात्र तिथेही आहेच.

गणितज्ञ टेरेन्स ताओ नवव्या वर्षी ऑस्ट्रेलियात विद्यापीठातले गणिताचे वर्ग करू लागला. पण वडिलांनी घाई केली नाही. बाकीच्या विषयांसाठी शाळा चालू ठेवली आणि मुलाला बरीच वर्षं दोन्हीकडे वावरू दिलं. पीएच.डी. त्याला एकविसाव्या वर्षी मिळालीच. मला हा मार्ग आपल्याकडे फार मोलाचा वाटतो. आरेतली दहावीची एखादी मुलगी आठवड्यातून दोन दिवस पवईच्या प्रयोगशाळेत जाऊ शकेल, उरलेले दिवस आपल्या शाळेत बसेल, तिचा दाखला शाबूत राहील आणि गणितही अडून राहणार नाही. अंतर फार नाही. अडतं ते नियमापाशी, आणि अशी मुलगी शोधायला पाड्यावर जाणारं कुणी नसतं तिथे.

आणि समजा, एखाद्या संस्थेने सोळाव्या वर्षीच तिला पूर्णवेळ बोलावलं, तर जरूर जावं. मात्र बोलावणाऱ्याने तिच्या परतीची जबाबदारीही घ्यावी. वसतिगृहातल्या मोठ्या मुलांत तिचा जीव रमला नाही, इंग्रजीने दमछाक केली, घरी कुणी आजारी पडलं, तर काय? आज परतायचं म्हटलं तर सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थिनी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं. पण त्यात रोजचा वर्ग नाही, शंका विचारायला बाई नाहीत, शेजारी बसणारी मैत्रीण नाही. कॉलेजने प्रवेशाचं पत्र देतानाच शाळेशी लेखी ठरवून घ्यावं, की एक वर्ष तिची जागा राखली जाईल, हजेरीपटावरच्या नावासकट.