किरण आला की आली?

ताईला मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू झाला. ताई बाळंतपणाला आमच्याकडे जळगावला, सासर धुळ्याचं. म्हणजे एका ग्रुपवर दोन जिल्हे. आरोही, ओवी, अन्वी, शर्वी... पाचव्या दिवशी ताईने एकच शब्द टाकला, 'किरण'.

ग्रुप एकदम शांत. सगळ्यांच्या निळ्या टिक, उत्तर कुणाचंच नाही. मग एका काकांनी विचारलं, "हे मुलाचं नाव ना?" आणि धुळ्याच्या आजींची व्हॉइस नोट आली, "अंडेर शे ना ती? मंग अंडेरनं नाव ठेवा." मुलगी आहे ना, मग मुलीचं नाव ठेवा. इतकं साधं.

ताईने उत्तर लिहिलं, "उद्या तिचा अर्ज कुणी वाचला तर आधी अर्ज वाचावा. मुलगी आहे हे नंतर कळू दे."

मी लगेच हार्टचा इमोजी टाकला. ताईचं म्हणणं हवेतलं नव्हतं. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी एकच अर्ज पाठवला. निम्म्यांना 'जॉन' या नावाने, निम्म्यांना 'जेनिफर' या नावाने. बाकी अक्षरन् अक्षर तेच. जॉन जास्त लायक ठरला, त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. असं करणाऱ्यांत स्त्री प्राध्यापकही होत्या. आणि इतक्या लांब कशाला जायचं? ऑनलाइन गेम खेळताना मी स्वतः मुलीचं नाव लावत नाही. का, ते मुलींना सांगायला नको.

पण त्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा प्रश्न पडायला लागले.

पहिला प्रश्न अगदी व्यवहाराचा. नावाने लपतं का काही? बहुतेक फॉर्मवर नावानंतर दोन-तीन रकान्यांतच 'लिंग' विचारलेलं असतं. आणि आपली भाषा तर त्याहून चोख. इंग्रजीत 'किरण' पानभर बोलली तरी पत्ता लागणार नाही. मराठीत पहिल्याच वाक्यात 'मी आले' म्हटलं की संपलं. कोल्हापूरकडे मुली सर्रास 'मी आलो' म्हणतात हे खरं. पण तिथेही त्यांना कुणी मुलगा समजत नाही.

दुसरा प्रश्न जास्त टोचला. हा रस्ता एकाच दिशेने का जातो? मुलीचं नाव किरण ठेवलं की आपण त्याला 'मॉडर्न' म्हणतो. मुलाचं नाव शीतल किंवा सुमन ठेवून बघा. ही नावं पुरुषांचीही असतात, पण आपल्याकडे शाळेत त्या पोराचं काय होईल ते आपल्याला माहीत आहे. म्हणजे आपण ज्याला 'दोघांचं' म्हणतो ते नाव थोडं मुलाच्या बाजूला झुकलेलं असलं तरच चालतं. मग ताई मुलीला मोकळीक देत होती, की मुलगी असणं ही झाकायची गोष्ट आहे असं तिला पहिल्याच आठवड्यात सांगत होती?

मला साताऱ्याच्या 'नकुशी' आठवल्या. नको असताना झालेली म्हणून नकुसा, नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्या नावाचा क्रूरपणा सगळ्यांना दिसतो. पण त्याची रचना बघा. ते नाव मुलीशी बोलतच नव्हतं. तो वर पाठवलेला अर्ज होता: आता पुरे, पुढचा मुलगा दे. मुलगी फक्त तो कागद वाहून नेणारी. ताईच्या 'किरण'मध्ये तिरस्कार नव्हता, काळजी होती. तरी तेही नाव मुलीशी न बोलता भविष्यातल्या कुठल्यातरी साहेबाशीच बोलत होतं.

बाईचं नाव दुसऱ्यांच्या सोयीचं असणं आपल्याकडे जुनंच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी जन्मल्या तेव्हा यमुना होत्या. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. दोघींची नावं लग्नात बदलली. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिण्याची पद्धत आजही आपण लग्नांत बघतो आणि त्याचा व्हिडिओ काढतो.

मग मला जर्मनीतला एक खटला सापडला, आणि योगायोग असा की नाव 'किरण'च! आईवडिलांनी मुलीसाठी हे नाव निवडलं. नोंदणी कार्यालयाने अडवलं: यातून मुलगा की मुलगी कळत नाही, सोबत स्पष्ट कळेल असं दुसरं नाव जोडा. प्रकरण देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालय म्हणालं, नावातून लिंग कळलंच पाहिजे असा कायदा नाही. बघायचं ते एवढंच, की नावामुळे बाळाच्या हिताला धक्का बसतो का. किरण बेदी आणि किरण मोरे एकाच वेळी माहीत असणाऱ्या आपल्याला हा खटला गमतीचा वाटेल. पण न्यायालयाने प्रश्न नेमका जागेवर आणला. नाव जगाला काय सांगतं हे नंतर. ते बाळाचं काय करतं?

सकाळी मी हे सगळं ताईपुढे मांडलं. थोडं ऐटीतच. ती दूध पाजत होती. शांतपणे म्हणाली, "अगं, ते अर्जाचं मी काकांना गप्प करायला लिहिलं. नाव तर सातव्या महिन्यातच ठरलं होतं. मुलगा झाला असता तरी किरणच."

मी गप्प झाले.

कारण आपल्याकडे सातव्या महिन्यात आईवडिलांना माहीत नसतं, आणि नसावंच. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. तरीही २०११ च्या जनगणनेत आमच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८४२. जिथे इतक्या घरांनी आधी विचारून घेतलं, 'कोण आहे?', तिथे ताई आणि जिजाजींनी न विचारता नाव तयार ठेवलं होतं. कोणीही ये, तुझी जागा ठरलेली आहे. हे नाव कुठल्या साहेबाशी बोलत नव्हतं. ते पोटातल्या बाळाशीच बोलत होतं, आणि 'नकुशी'च्या बरोबर उलटं बोलत होतं.

तेव्हा मला वाटतं, नाव दोघांचं असणं हे स्वतःहून पुरोगामी नाही आणि भित्रंही नाही. ठेवताना आपण कुणाकडे बघतो यावर ते ठरतं. मुलगी कळू नये म्हणून ठेवलं, तर ते झाकण आहे. मुलगी असो वा मुलगा, फरक पडत नाही म्हणून ठेवलं, तर ते स्वागत आहे. अक्षरं तीच. आणि परीक्षा सोपी आहे: हेच नाव मुलाला दिलं असतं का? उत्तर प्रामाणिकपणे 'हो' असेल, तर खुशाल ठेवा.

शीतलचा प्रश्न मात्र उरतोच. ताईला विचारलं, "मुलगा झाल्यावर शीतल ठेवलं असतंस?" ती बराच वेळ विचार करत राहिली. "नसतं ठेवलं," म्हणाली. खोटं बोलली नाही, हे मला आवडलं.

बाराव्या दिवशी धुळ्याहून आत्या आली. पाळण्याशी वाकून तिने बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. दाखल्यावर आता किरणनंतर आधी आईचं नाव आहे, मग वडिलांचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी राज्याचा तसा नियमच आहे. आजींनी दोन दिवस नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"मनी किरणबाई काय करी राह्यनी?"

किरणबाई झोपली होती.