निश्चयापूर्वीची अस्वस्थता

काही दिवसांपूर्वी दिल्लीतील आमच्या गीतावाचनास नियमाने येणारे एक सद्गृहस्थ वाचन संपल्यावर मागे थांबले. गुरुग्रामला चांगल्या वेतनाची नोकरी, दिल्लीत स्वतःचे घर, मुलगी शाळेत शिकणारी. कोकणात वृद्ध आईवडील. सारे सोडून त्यांच्याजवळ जावे की येथेच राहावे, या एका प्रश्नाभोवती त्यांचे मन वर्षभर फिरत होते. रात्री ठरलेले सकाळी मोडे, सकाळी ठरलेले संध्याकाळी. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, संशयी मनुष्य नाश पावतो असे गीताच सांगते. मग माझी गती काय?"

वाचकहो, चौथ्या अध्यायातील ते वचन संशयाबरोबर अज्ञान आणि अश्रद्धा यांचाही उल्लेख करते, हे आपण विसरतो. संशय अर्जुनालाही होताच. येथून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या कुरुक्षेत्रावर त्याने धनुष्य खाली ठेवले आणि भिक्षा मागून जगणे बरे असे म्हटले. भगवंतांनी भिक्षावृत्तीची निंदा केली नाही. परंतु अर्जुनाची ती इच्छा वैराग्यातून आलेली नसून शोकातून आलेली आहे, हे त्यांनी ओळखले. अर्जुन तरला तो कशाने? 'मला कळत नाही, मी शिष्य आहे, मला सांगा' असे तो मोकळेपणाने म्हणाला, म्हणून. जो संशय विचारण्यास प्रवृत्त करतो तो तारतो. जो आतल्या आत फिरत राहतो तो पोखरतो.

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहावे. १९१६ च्या मार्च महिन्यात वीस वर्षांचे विनायक नरहर भावे इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीस गेले. मनात दोन ओढी होत्या : एक हिमालयाची, दुसरी बंगालमधील क्रांतिकार्याची. घर सुटले, गाव बदलले, तरी काशीच्या घाटावर मनाचे द्वंद्व मिटले नाही. तेथे गांधीजींच्या भाषणाची वार्ता कानी आली, तेव्हा त्यांनी पत्राने आपल्या शंका विचारल्या. येऊन राहा, असे बोलावणे आले आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचले. गांधीजी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी या नवागताच्या हातीही सुरी दिली. पुढे वेदान्ताच्या अभ्यासासाठी ते वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे राहिले. पण घेतलेली वर्षाची मुदत संपताच आश्रमाच्या कामाकडे परतले. नोव्हेंबर १९५१ मध्ये पवनारहून पायी चालत येऊन दिल्लीत राजघाटाजवळ उतरलेले विनोबा ते हेच.

यावरून कोणी गृहस्थाने न सांगता घर सोडावे, असा अर्थ मुळीच नाही. त्यांच्यावर बायकामुलांचा भार नव्हता. आपला स्वधर्म निराळा आहे. घ्यावयाचे ते इतकेच की, स्थलांतराने जे शमले नाही ते नम्रपणे विचारल्याने आणि हाती आलेले काम स्वीकारल्याने शमले.

आता निर्णयाची कसोटी कोणती? अठराव्या अध्यायाच्या आरंभी भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. नियत कर्म मोहाने टाकले तर तो तामस त्याग. कष्टाच्या भयाने टाकले तर राजस. आणि कर्तव्य म्हणून कर्म करीत आसक्ती व फलाची अपेक्षा सोडली तर तो सात्त्विक. ही कसोटी जाणाऱ्यास जशी लागू आहे तशीच राहणाऱ्यासही. कामाचा वीट आला म्हणून गावी पळणे हा जसा राजस त्याग, तसेच वेतन जाईल या भीतीने आईवडिलांकडे पाठ फिरविणे हाही राजस त्यागच. प्रश्न जावे की राहावे हा नाही. पाऊल भयाने पडते की कर्तव्यबुद्धीने, हा आहे.

मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले, "आपणास काय हवे, हे आईवडिलांना विचारले आहे का? सौभाग्यवतींना?" ते बराच वेळ स्तब्ध राहिले. वर्षभर त्यांनी दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला होता. पण ज्यांच्यासाठी मांडला त्यांना एकदाही विचारले नव्हते! पुढच्या आठवड्यात ते सहकुटुंब कोकणात जाऊन आले. निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु, ते म्हणाले, आता झोप लागते.

आणि पाऊल चुकले तर? इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा मी वाऱ्याने फाटलेल्या ढगासारखा विरून जाईन काय, ही भीती अर्जुनानेही सहाव्या अध्यायात बोलून दाखविली आहे. कल्याणकारक कर्म करणाऱ्याची दुर्गती होत नाही, असे अभय भगवंतांनी तेथेच दिले. सर्व उपदेश करून शेवटी त्यांनी निर्णय अर्जुनाच्याच हाती ठेवला : पूर्ण विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. तेव्हा विचारावे, तोलावे, आणि एकदा ठरल्यावर फळाची चिंता त्याच्या चरणी ठेवून चालू लागावे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥