परकेपणाची जाडी

मांडीत सळी बसवलेला तरुण किंवा खुब्याचा सांधा बदललेली आजी ‘माझ्या अंगात लोखंड आहे’ असे सहज सांगून जाते. शरीराच्या बाजूने पाहिले तर हे विधान पुरते खरे नाही. इम्प्लांटला रक्ताचा पहिला स्पर्श होताच काही सेकंदांत रक्तातली प्रथिने त्यावर चिकटतात. पेशी मागाहून पोचतात, तेव्हा त्यांच्या वाट्याला हा प्रथिनांचा थर येतो. खालचा धातू त्यांना भेटतच नाही. मात्र कोणती प्रथिने चिकटतील आणि कोणत्या बाजूने, हे धातूचा पृष्ठभाग ठरवतो. पुढचा स्वीकार किंवा नकार तिथेच सुरू होतो.

नकाराची शरीराची रीतही विलक्षण आहे. जी वस्तू पचवता येत नाही आणि बाहेर टाकता येत नाही, तिच्याभोवती ते तंतुमय आवरण विणते आणि तिला बाजूला ठेवते. मऊ भागात हे बऱ्याचदा चालून जाते. हाडात मात्र ज्याच्यावर पावलागणिक भार यायचा, तो सांधा अशा आवरणात डळमळू लागतो. म्हणजे लेप चढवण्याचे काम माणसाच्या आधीपासून शरीर करतच होते. वैद्यकाने एवढेच केले, की शरीराने आपला लेप चढवण्यापूर्वी स्वतःचा चढवून ठेवला.

ही कल्पना सुचायला वेळ लागला, कारण सुरुवातीची चिंता वेगळी होती. शरीरातला द्रव कोमट आणि खारट असतो, आणि धातू कुरतडायला एवढे पुरेसे आहे. बेल्जियमचे शल्यविशारद आल्बिन लांबोत यांनी १९०७ मध्ये पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी बसवली. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट द्रव, म्हणजे विद्युतघटच तो. आठ दिवसांत पट्टीचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साठला. मग न गंजणाऱ्या धातूंचा शोध सुरू झाला. क्रोमियमयुक्त पोलाद, कोबाल्टचे मिश्रधातू आणि टायटॅनियम ही त्याची फळे. यांचे बळ खरे तर एका पापुद्र्यात आहे. टायटॅनियमला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर आपोआप येतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा भरून निघतो.

विसाव्या शतकाचा बराच काळ या विद्येचा आदर्श होता निष्क्रियता. पितळी पातेल्याला कल्हई लावतात ती आंबट आमटी आणि पितळ यांची गाठ पडू नये म्हणून. इम्प्लांटच्या पृष्ठभागाकडूनही तेवढीच अपेक्षा होती. त्याने मध्ये उभे राहावे आणि दोन्ही बाजूंना काही करू देऊ नये. चांगला पदार्थ तो, ज्याची शरीराला दखलच घ्यावी लागत नाही.

या आदर्शाला दोन धक्के बसले. १९५२ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक कुपी बसवून मज्जेतला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर महागडी कुपी काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला थेट बिलगले होते. दुसरा धक्का अमेरिकेतला. व्हिएतनाम युद्ध चालू असताना एका लष्करी अधिकाऱ्याने काचेचे अभ्यासक लॅरी हेंच यांच्यापाशी व्यथा मांडली, की जखमी सैनिकांचे प्राण वाचतात, पण हातपाय वाचत नाहीत; शरीर नाकारणार नाही असा पदार्थ हवा. हेंच यांचा तर्क असा, की हाड मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचे असते. तर पदार्थानेच पृष्ठभागावर तसा थर तयार केला तर? १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी काच घडवली ४५ टक्के सिलिका, उरलेला भाग सोडियम, कॅल्शियम आणि थोडा फॉस्फरस घेऊन. उंदराच्या मांडीच्या हाडात बसवलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी उपटून निघेनात. ही काच टिकत होती म्हणून जुळली नव्हती. ती थोडी विरघळत होती, म्हणून जुळली होती. तिच्यातून सुटलेले आयन पृष्ठभागावर हाडातल्यासारख्याच खनिजाचा थर बसवत आणि नवे हाड त्यात गुंतत जाई. निष्क्रियतेच्या जागी आता ‘जैवसक्रिय’ हा शब्द आला.

अर्थात काच ठिसूळ, तिच्यावर माणसाचे वजन पेलणार नाही. मग बळ धातूचे आणि ओळख हाडाची, अशी विभागणी झाली. सुकवलेल्या हाडाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजाचा असतो आणि ते हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटच्या कुळातले असते. लंडनचे रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये त्याचा लेप दिलेला खुब्याचा सांधा रुग्णात बसवला. लेपाची रीत मात्र जहाल आहे. दहा हजार अंश सेल्सियसच्या पुढे तापलेल्या प्लाझ्माच्या झोतातून भुकटी धातूवर फवारतात. अर्धवट वितळलेले कण आदळून क्षणात थिजतात आणि केसाच्या जाडीच्या आसपासचा थर बसतो.

या थराचे दुखणे त्याच्या गुणातच आहे. स्फटिक बनायला वेळ न मिळालेला भाग अस्फटिक राहतो. तो लवकर विरघळतो आणि सुरुवातीच्या आठवड्यांत हाडाला कॅल्शियम पुरवतो. पण हाड पुरते भरण्याआधीच तो संपला तर आधार जातो. पूर्ण स्फटिकी लेप टिकतो, पण जाड झाला तर त्याचे पापुद्रे सुटतात आणि सांध्यात कचरा होतो. म्हणून कारागिराला नेमका मध्य गाठावा लागतो.

शिवाय इम्प्लांटच्या पृष्ठभागाकडे येणारे हाड एकटे नसते. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ अशी मांडणी केली. शरीराच्या पेशी आणि जिवाणू एकाच जागेसाठी धावतात. जिवाणू आधी पोचले तर ते चिकट पटलाखाली वस्ती करतात आणि प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. मग बहुधा सांधाच काढावा लागतो. म्हणून आता लेपात चांदी किंवा प्रतिजैविके मिसळतात. पण जिवाणू मारणारी चांदी प्रमाण चुकल्यास हाडाच्या पेशींनाही मारते. स्वागत आणि पहारा एकाच उंबऱ्यावर करायचे, हे संस्कृतींनाही सहजी साधलेले नाही.

मला या विद्येतला मोठा विचार असा दिसतो, की संरक्षण म्हणजे अभेद्यता नव्हे. उत्तम लेप हाडाला जागा देत देत झिजतो आणि त्याच्या जागी हाड आले की त्याचे काम संपते. हे तत्त्व सुंदर आहे म्हणून प्रत्येक लेप श्रेष्ठ ठरतो, असे मात्र नाही. सिमेंटने बसवलेले, कसलाही जैवसक्रिय लेप नसलेले सांधे वृद्धांमध्ये वर्षानुवर्षे उत्तम चालले आहेत. सच्छिद्र टायटॅनियमही अनेक तुलनांमध्ये लेपाच्या बरोबरीला उतरते. प्रयोगशाळा शक्यता सांगते; निकाल मात्र रुग्णांच्या चालण्यातून, दहा-वीस वर्षांनी लागतो. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, ती याचसाठी.

म्हणून घरात कुणाचा सांधा बदलायचा असेल, तर ‘खास कोटिंग’ या शब्दांवर भाळू नका. हे इम्प्लांट किती वर्षे वापरात आहे आणि त्याच्या नोंदी काय सांगतात, हे डॉक्टरांना विचारा. वेष्टनावरचे बॅच क्रमांकाचे स्टिकरही फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे कधी सांधा दुखला, तर आत नेमके काय बसवले आहे हे सांगणारा तोच खात्रीचा पुरावा असतो.